अकराशेचे इंजिन आणि कधीच न धावलेली गाडी

परभणी, सेलू, मानवत, जिंतूर या भागातील कितीतरी कुटुंबांना मुंबई पहिल्यांदा दिसली ती टॅक्सीच्या खिडकीतून. रेल्वेमार्गाची रुंदी बदलण्यापूर्वी मनमाडला गाडी बदलावी लागे. पुढे देवगिरी एक्स्प्रेसमध्ये रात्री बसले की सकाळी दादर, अशी सोय झाली. स्थानकाबाहेर काळ्या अंगाच्या आणि पिवळ्या टपाच्या टॅक्सींची रांग उभी असे. ट्रंका आणि वळकट्या टपावरच्या कॅरिअरला बांधल्या जात, फराळाचे डबे मांडीवर घेतले जात, आणि पुढच्या सलग बाकावर चालकाशेजारी घरातील कर्ता पुरुष बसे. त्या गाडीचा गिअर बदलण्याचा दांडा जमिनीतून न येता स्टिअरिंगच्या चाकाजवळून निघतो, याचे लहान मुलांना मोठे नवल वाटे.

ही गाडी म्हणजे प्रीमिअर पद्मिनी. जुनी माणसे तिला अखेरपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिली. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात दाखल झाली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. त्या हिशेबाने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे नाहीशी झाली.

वर्तमानपत्रांनी तिला निरोप दिला, आठवणींचे लेख आले. मात्र तिच्या इंजिनाची वंशावळ फारशी कोणी उलगडली नाही. चार सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, आणि या गुणाकारातून येणारी १,०८९ घन सेंटिमीटर क्षमता. ‘अकराशे’ हे नाव या आकड्यावरूनच पडले. हे दोन्ही माप पद्मिनीच्या जन्माच्या कितीतरी आधी, १९३७ साली, इटलीतील ट्यूरिन शहरात दान्ते जियाकोसा या अभियंत्याने बनवलेल्या एका कौटुंबिक गाडीत प्रथम आले. त्यानंतर नऊ वर्षांनी तेच इंजिन एका शर्यतीच्या गाडीत बसले आणि त्या काळातील नामांकित चालकांनी ती चालवली. त्या गाडीच्या यशातून दुसऱ्या, फार मोठ्या गाडीचे स्वप्न निघाले. त्या स्वप्नाने एका श्रीमंत व्यापाऱ्याला देश सोडायला लावला. इकडे मात्र तेच साधे इंजिन सोलापूरच्या एका जैन घराण्याने उभारलेल्या कुर्ल्याच्या कारखान्यात येऊन लाखो लोकांच्या उपयोगी पडले.

दोन व्यापारी, एक काळ

शेठ वालचंद हिराचंद यांचे चरित्र आपल्या समाजाला नवे नाही. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात जन्म, घरात कापसाचा आणि सावकारीचा व्यवसाय, आणि त्यात मन न रमल्याने लक्ष्मणराव फाटक यांच्यासह घेतलेली रेल्वेची कंत्राटे. पुढे १९१९ साली सिंदिया जहाज कंपनी, मग साखर, बांधकाम, बंगळूरचा विमान कारखाना, विशाखापट्टणमची गोदी. मोटारींचा कारखाना भारतात निघावा हा आग्रह सर विश्वेश्वरय्यांनी १९३० च्या दशकातच धरला होता. वालचंदांनी त्यासाठी अमेरिकेतील कंपन्यांशी बोलणी केली. त्यांतील क्रायस्लर कंपनीशी करार झाला. मात्र युद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने या उद्योगाला आवश्यक उद्योग मानण्यास नकार दिला. अखेर १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याहून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. त्या अमेरिकन वळणाच्या, आकाराने मोठ्या आणि पेट्रोल पिणाऱ्या होत्या. १९५१ मध्ये इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य झाले, आणि १९५४ मध्ये अकराशेची गाडी येथे आली. ती पाहायला वालचंद शेठ उरले नव्हते. १९४९ पासून ते अर्धांगवायूने आजारी होते आणि ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले.

वालचंद शेठ प्रीमिअरची उभारणी करत होते नेमक्या त्याच काळात ट्यूरिनमध्ये पिएरो दुसिओ नावाचा व्यापारी मोटारींचे स्वप्न पाहत होता. त्याचा जन्म १८९९ चा. तरुणपणी तो युव्हेंटस या प्रसिद्ध फुटबॉल संघातून खेळला. गुडघ्याच्या दुखापतीने खेळ सुटला तेव्हा तो कापडाच्या विक्रीत शिरला आणि त्यात त्याने मोठी संपत्ती मिळवली. युद्धकाळात सैनिकांच्या गणवेशाच्या कापडाने ती आणखी वाढली. ज्या युव्हेंटसमधून तो खेळला, त्याच संघाचा तो पुढे अध्यक्ष झाला. मोटारींच्या शर्यतींचा त्याला नाद होता आणि तो स्वतःही शर्यतीत उतरत असे. खेळाचे साहित्य, सायकली, कापड अशा नाना व्यवसायांसाठी त्याने काढलेल्या कंपनीच्या लांबलचक इटालियन नावाचे संक्षिप्त रूप ‘चिसितालिया’ असे होते.

कापसाच्या व्यवहारातून आलेला पैसा मोटारीच्या कारखान्यात घालणारे हे दोन समकालीन गृहस्थ. मानवत आणि सेलूच्या बाजारपेठा जाणणाऱ्या वाचकाला यात वावगे वाटणार नाही. एका हंगामात जिनिंगमधून उचललेला नफा दुसऱ्या धंद्यात घालणारे शेठ आपल्याकडेही गावोगाव होते. फरक एवढाच की दुसिओला वेगाचे वेड होते.

सायकलीच्या नळ्यांची गाडी

युद्ध संपत आले होते. ट्यूरिनवर बॉम्ब पडलेले, कारखाने मोडलेले, पेट्रोल दुर्मीळ. अशा वेळी दुसिओने फियाटच्या जियाकोसाला गाठले आणि शर्यतीची एक लहान, स्वस्त गाडी आखून मागितली. दिवसभर कंपनीचे काम करून जियाकोसा आपल्या फावल्या वेळात, प्रामुख्याने रात्री, या आराखड्यावर बसे. हे काम फियाटच्या संमतीने चालले होते. पुढे जियाकोसाला वेळ पुरेना, तेव्हा जियोव्हानी सावोनुत्सी या अभियंत्याने ते पूर्ण केले.

या गाडीचे नाव ‘डी ४६’. तिच्या आखणीतील शहाणपण समजून घेण्यासारखे आहे. शर्यतीच्या गाडीचे सुटे भाग साधारणपणे खास घडवावे लागतात आणि त्यामुळे तिची किंमत आणि दुरुस्ती दोन्ही आवाक्याबाहेर जातात. जियाकोसाने इंजिन, गिअरपेटी, पुढच्या चाकांची झुल, मागचा आस असे जे जे शक्य ते फियाटच्या रोजच्या गाडीतून उचलले. इंजिनाचे माप तेच ६८ बाय ७५ ठेवले. त्यात वंगणाची वेगळी व्यवस्था केली, इंधन-हवेचे मिश्रण अधिक दाबले जाईल अशी सोय केली, आणि कौटुंबिक गाडीत ३२ अश्वशक्ती देणारे इंजिन सुमारे ६० अश्वशक्ती देऊ लागले. खरे नवेपण सांगाड्यात होते. जाड लोखंडी पट्ट्यांऐवजी त्याने पोलादाच्या बारीक नळ्या त्रिकोणात जोडून पिंजरा उभा केला. दुसिओच्या उद्योगात सायकली बनत असल्याने तसल्या नळ्यांचे काम जाणणारे कारागीर हाताशी होते. गाडीचे वजन चारशे किलोंच्या आतबाहेर राहिले. शक्ती थोडी असली तरी ओझेही थोडे, हा हिशेब होता. शिवाय एखादा भाग मोडला तर इटलीतील कोणत्याही गावच्या गॅरेजमध्ये तो मिळणार होता.

३ सप्टेंबर १९४६ रोजी ट्यूरिनच्या व्हालेंतिनो उद्यानात कोप्पा ब्रेत्सी ही शर्यत झाली. चिसितालियाच्या सात गाड्या तीत उतरल्या. पहिले तीन क्रमांक याच गाड्यांनी पटकावले आणि पहिला क्रमांक खुद्द मालकाचा, दुसिओचा होता. मात्र लोकांच्या लक्षात राहिला तो न जिंकलेला चालक. ताझिओ नुव्होलारी हा इटलीचा सर्वांत लाडका शर्यतपटू त्या वेळी ५३ वर्षांचा होता. धावत्या गाडीत त्याच्या स्टिअरिंगचे चाक निखळून हातात आले. तो थांबला नाही. एका हाताने उरलेला दांडा धरून, दुसऱ्या हाताने सुटलेले चाक मेकॅनिकांपुढे हलवत तो त्यांच्यासमोरून निघून गेला, आणि फेरी मारून मगच दुरुस्तीच्या जागी आला. एका गाडीचे चाक भर शर्यतीत निखळणे ही तिच्या निर्मात्याच्या दृष्टीने नामुष्कीच. परंतु दुसऱ्या दिवशी सगळ्या इटलीत चिसितालियाचे नाव झाले.

पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये दुसिओने सर्व चालकांना एकसारख्या गाड्या देऊन देशोदेशी शर्यती भरवण्याचा घाट घातला. पहिली शर्यत कैरोत झाली, फ्रान्को कोर्तेझे जिंकला, आणि बेत तेथेच संपला. त्यापेक्षा मोठे यश थोड्याच दिवसांनी मिळाले. इटलीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून सुमारे १,८०० किलोमीटर धावण्याच्या मिल्ले मिल्या शर्यतीत नुव्होलारीने चिसितालियाची ‘२०२’ ही उघडी दोन आसनी गाडी चालवली. इंजिन तेच अकराशेचे. बराच काळ तो आघाडीवर होता. मग मुसळधार पाऊस आला, उघड्या गाडीत पाणी भरले, आणि जवळपास तिप्पट क्षमतेच्या बंद अल्फा रोमिओने त्याला मागे टाकले. तो दुसरा आला. वर्षानुवर्षे इंजिनांचा धूर पोटात गेल्याने फुप्फुसे आधीच खराब झालेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने हे केले. याच २०२ वर पिनिन फरिना यांनी चढवलेली बंद टपाची काया इतकी देखणी होती की न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ च्या मोटारींच्या प्रदर्शनात ती मांडली आणि पुढे कायमच्या संग्रहात घेतली.

येथे दुसिओ थांबला असता तर? लहान गाडी यशस्वी होती, सुटे भाग स्वस्त होते, नावलौकिक होता. बँकेच्या भाषेत सांगायचे तर धंदा खेळत्या भांडवलावर चालला होता आणि स्थिर भांडवलाचा बोजा थोडा होता. पण त्याला ग्रां प्रीची गाडी हवी होती.

तुरुंगातील वडील आणि बारा सिलिंडर

ग्रां प्री म्हणजे फ्रेंच भाषेत मोठे बक्षीस. मोटार शर्यतींतील सर्वोच्च श्रेणीला हे नाव आहे. १९४७ पासूनचा नियम असा होता की गाडीचे इंजिन एक तर साडेचार हजार घन सेंटिमीटरचे असावे, किंवा सुपरचार्जर, म्हणजे हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबणारा पंप बसवायचा असेल तर दीड हजारांचे. अकराशेचे साधे इंजिन येथे कुचकामी होते. सर्व काही नव्याने करावे लागणार होते.

त्या वेळी ऑस्ट्रियातील ग्म्युंड या खेड्यात, लाकूड कापण्याच्या जुन्या गिरणीत, पोर्शे यांचे आरेखन कार्यालय कसेबसे तग धरून होते. युद्धापूर्वी जर्मनीच्या ऑटो युनियन या प्रचंड शर्यतगाड्या आखणारे फर्डिनांड पोर्शे फ्रेंचांच्या तुरुंगात होते. नाझी राजवटीसाठी त्यांनी केलेल्या कामामुळे त्यांच्यावर आरोप होते. बाहेर त्यांचा मुलगा फेरी आणि जुने अभियंते ट्रॅक्टर आणि शेतीच्या अवजारांची किरकोळ कामे करून दिवस काढत होते. दुसिओने या मंडळींना ग्रां प्रीच्या गाडीचे काम दिले. फर्डिनांड पोर्शे यांच्या सुटकेसाठी दहा लाख फ्रँकांची रक्कम लागणार होती. तिची तजवीज या कामाच्या मोबदल्यातून झाली. ऑगस्ट १९४७ मध्ये ते सुटले. घरी परतल्यावर त्यांनी मुलाने केलेली रेखाटने बारकाईने पाहिली आणि आपण स्वतःही यातला एक स्क्रू बदलला नसता, असे म्हटल्याचे सांगतात. कापडाच्या एका इटालियन व्यापाऱ्याच्या हौसेने तुरुंगातील वृद्ध बाप घरी आला, ही या कथेतील जमेची मोठी बाजू.

या गाडीला पोर्शे यांच्या कार्यालयात ‘टाइप ३६०’ हा क्रमांक होता. तिची आखणी आज पाहिली तरी थक्क व्हायला होते. बारा सिलिंडर, सहा एका बाजूला आणि सहा दुसऱ्या बाजूला, जमिनीला समांतर आडवे निजवलेले. एका सिलिंडरचा व्यास फक्त ५६ मिलिमीटर, धाव ५०.५, सगळी मिळून क्षमता १,४९३ घन सेंटिमीटर. म्हणजे अकराशेच्या इंजिनाहून क्षमता थोडीच जास्त, परंतु चाराऐवजी बारा पिस्टन, चार कॅमशाफ्ट, दोन सुपरचार्जर, आणि अपेक्षा तीनशे अश्वशक्तीच्या वर. पद्मिनीचे इंजिन चाळिशीच्या आसपास शक्ती देत असे, हे येथे लक्षात घ्यावे.

त्या काळात शर्यतीच्या बहुतेक गाड्यांचे इंजिन पुढे असे. चाके फिरवणारा लांब दांडा चालकाच्या खालून मागे जाई आणि त्यामुळे चालकाला उंच बसावे लागे. येथे इंजिन चालकाच्या पाठीमागे, परंतु मागच्या चाकांच्या पुढे होते. गाडी ठेंगणी झाली, वजन मध्यभागी आले. पेट्रोलच्या टाक्या मागे न ठेवता दोन बाजूंना, गाडीच्या मधोमध ठेवल्या. कारण शर्यतीत पेट्रोल संपत जाते तसे वजन घटते, आणि टाकी एका टोकाला असेल तर गाडीचा तोल दर फेरीला बदलत जातो. आणखी एक धाडस म्हणजे चारही चाकांना शक्ती देण्याची सोय. पुढच्या चाकांची जोडणी चालकाला हवी तेव्हा घालता-काढता येई, म्हणजे वळणातून बाहेर पडताना मागची चाके जागीच गरगरण्याऐवजी चारही चाके मिळून गाडी ओढणार. गिअरही मोटारसायकलीसारखे, एकापाठोपाठ एक बदलणारे होते.

अशा गाडीचा एकही भाग बाजारात मिळत नाही. प्रत्येक भाग नव्याने आखायचा, नव्याने घडवायचा, आणि तोही युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपात, जिथे चांगले पोलाद मिळवणे हेच एक काम होते. खर्चाला पूर्वअंदाज नव्हता की मर्यादा नव्हती. आपल्याकडे श्रावकाच्या व्रतांत परिग्रह-परिमाण सांगितले आहे. ते मिळवू नका असे सांगत नाही. किती पुरे, हे आधी ठरवा असे सांगते. दुसिओने ते आधीही ठरवले नाही आणि नंतरही नाही. लहान गाड्यांच्या विक्रीतून येणारा पैसा बारा सिलिंडरांच्या पोटात जात राहिला. २०२ च्या देखण्या गाड्याही फार तर पावणेदोनशेच्या घरात बनल्या. त्या हाताने घडत, वेळ घेत, आणि महाग पडत. कर्ज देणाऱ्याने कोणत्या टप्प्यावर हात आखडता घ्यायला हवा होता, हे कागदोपत्री सांगणे आज सोपे आहे. त्या वेळी मात्र समोर नुव्होलारीचे नाव होते, पोर्शेचे नाव होते, आणि प्रत्येक हप्त्यानंतर ‘आता थोडेच उरले’ असेच वाटत असणार.

१९४९ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली. चिसितालियाच्या शर्यतविभागाचे काम पाहणाऱ्या कार्लो आबार्थ याला थकलेल्या येण्यापोटी रोख रक्कम मिळाली नाही. शर्यतीच्या काही गाड्या आणि सुटे भाग मिळाले. त्यावर त्याने स्वतःचा उद्योग उभारला आणि फियाटच्याच साध्या गाड्या वेगवान करून देण्यात त्याने पुढे मोठे नाव कमावले. पोर्शे मंडळींनी तर १९४८ मध्येच त्या लाकडाच्या गिरणीत स्वतःच्या नावाची पहिली गाडी बांधली होती. धनको आणि कारागीर तरले. बुडाला तो धनी.

नियम बदलले, गाडी उरली

दुसिओ अर्जेंटिनात गेला. अध्यक्ष पेरोन यांच्या सरकारच्या पाठबळावर तेथे मोटारींचा उद्योग काढायचा त्याचा विचार होता. टाइप ३६० ही त्याच्यामागोमाग जहाजाने तिकडे गेली. तिच्याशिवाय इकडे युरोपात शर्यती सुरूच होत्या. १३ मे १९५० रोजी इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोन येथे जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत झाली. १९५० आणि १९५१ ही दोन्ही वर्षे अल्फा रोमिओने जिंकली. तिचे इंजिन दीड हजार घन सेंटिमीटरचे आणि सुपरचार्जरचेच होते, परंतु मूळ आखणी युद्धापूर्वीची. नवी, अधिक बुद्धिमान गाडी कागदावर होती आणि जुनी गाडी रस्त्यावर होती. जिंकली रस्त्यावरची.

मग १९५२ मध्ये अजिंक्यपदाच्या शर्यती दोन हजार घन सेंटिमीटरच्या बिनसुपरचार्जर गाड्यांसाठी राखून ठेवण्यात आल्या, आणि १९५४ पासून नवे नियम आले. टाइप ३६० ज्या नियमासाठी आखली होती तो नियमच उरला नाही. १९५३ मध्ये क्लेमार बुची या अर्जेंटिनाच्या चालकाने तिच्यावर वेगाचा प्रयत्न केला आणि ताशी सुमारे २३३ किलोमीटरचा दक्षिण अमेरिकेतील विक्रम नोंदवला. रचनाकारांनी तीनशेच्या वरचा वेग धरला होता. पुरेशी चाचणी आणि दुरुस्ती न झालेल्या, परदेशात एकाकी पडलेल्या यंत्राकडून याहून अधिक अपेक्षा करणेही अन्यायाचे ठरेल. तिच्या नावावर एवढी एकच नोंद आहे. एकाही ग्रां प्री शर्यतीत ती धावली नाही. ज्याने ती चालवावी असा बेत होता तो नुव्होलारी त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वारला.

नियतीचा विनोद असा की १९ जानेवारी १९५८ रोजी याच अर्जेंटिनात, ब्युनॉस आयर्स येथे, स्टर्लिंग मॉस या इंग्रज चालकाने कूपर नावाच्या एका चिमुकल्या गाडीत जागतिक अजिंक्यपदाची शर्यत जिंकली. त्या गाडीचे इंजिन चालकाच्या पाठीमागे होते. अशा गाडीने अजिंक्यपदाची शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या दोन-तीन वर्षांत पुढे इंजिन असलेल्या गाड्या ग्रां प्रीतून हद्दपार झाल्या, आणि आजही फॉर्म्युला वनच्या प्रत्येक गाडीत इंजिन चालकाच्या मागेच असते. टाइप ३६० तेव्हा त्याच देशात धूळ खात पडली होती. पुढे पोर्शे कंपनीने तिचा शोध लावून ती परत मिळवली. आज ती स्टुटगार्टच्या पोर्शे संग्रहालयाच्या मालकीची आहे. दुसिओ १९७५ मध्ये ब्युनॉस आयर्स येथे निवर्तला.

कुर्ल्याची बाजू

दुसिओचे साम्राज्य कोसळत होते तेव्हा वालचंद समूह फियाटशी बोलणी करत होता. कुर्ल्यात जी गाडी आली तिची काया नवी, १९५३ ची होती. इंजिन मात्र तेच, नुव्होलारीने पावसात चालवलेले. आपल्याकडेही या इंजिनाने शर्यती पाहिल्या. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवर हौशी मंडळी फियाट घेऊन उतरत. परंतु तिची खरी परीक्षा तेथे झाली नाही. ती झाली मुंबईच्या पावसात, पेडर रोडच्या चढावर, एकाच टॅक्सीवर पाळीपाळीने बसणाऱ्या दोन चालकांच्या हाताखाली. साधेपणा हाच तिचा गुण ठरला. बोनेट उघडले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसे आणि हाताला लागे, आणि रस्त्याच्या कडेला पान्यांची पेटी घेऊन बसलेला मिस्त्री ती दुरुस्त करू शके. डी ४६ आखताना जियाकोसाने हेच साधले होते.

या गाडीचा एक व्यवहार मात्र प्रत्येक बँकवाल्याने लक्षात ठेवावा असा आहे. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या मुलांनी घरात गाडी असावी असा हट्ट धरला. फियाटची किंमत बारा हजार रुपये, आणि खात्यात शिल्लक सात हजार. उरलेल्या पाच हजारांसाठी पंतप्रधानांनी पंजाब नॅशनल बँकेत कर्जाचा अर्ज केला. कर्ज मिळाले, गाडी आली, आणि जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला शास्त्रीजींचे निधन झाले. ते कर्ज ललितादेवींनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले.

कुर्ल्याची बाजू केवळ उजळ आहे असे मात्र म्हणता येणार नाही. परवान्यांच्या काळात किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवी. गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाही, आणि मिळालेला नंबर विकण्याचाही धंदा चाले. इतकी मागणी असता गाडी सुधारण्याची निकड कोणाला वाटणार? मूळ फियाट कंपनीने युरोपात ही गाडी केव्हाच मागे टाकली. येथे १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळाले. ६८ बाय ७५ चे माप तसेच राहिले. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली आणि खासगी गिऱ्हाईक हळूहळू तिकडे वळले. शर्यतीच्या हव्यासात दुसिओ बुडाला हे खरे. पण स्पर्धाच नसेल तर यंत्र कसे जागच्या जागी म्हातारे होते, हेही याच इंजिनाने दाखवले. वालचंदांसारखा नवनव्या उद्योगांची उमेद बाळगणारा पुरुष आणखी वीस वर्षे जगता तर त्याने हे चालू दिले असते काय, हा प्रश्न मनात येतो. कदाचित त्याचेही हात परवान्यांनी बांधले असते.

टॅक्सीवाल्यांनी मात्र तिला सोडले नाही. खासगी मालकांनी टाकून दिल्यावरही कितीतरी वर्षे ती काळ्या-पिवळ्या रंगात पोट भरून देत राहिली. २०२३ मध्ये तिची मुदत संपण्याच्या सुमारास, निदान एक तरी पद्मिनी टॅक्सी सरकारने जतन करून ठेवावी, अशी मुंबईच्या टॅक्सी संघटनेची मागणी असल्याचे वर्तमानपत्रांत छापून आले होते.